बायोडेटात नसलेलं

नंदुरबारमधल्या कुठल्याही अभ्यासिकेत जा आणि सराव मुलाखतीला बसलेल्या मुलाला विचारा, तुझा आदर्श कोण? बहुतेक वेळा उत्तर येतं, डॉ. राजेंद्र भारुड सर. यात वावगं काही नाही. साक्री तालुक्यातल्या सामोड्याचा भिल्ल मुलगा अक्कलकुव्याच्या नवोदय विद्यालयात शिकला, मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाला, 2013 च्या तुकडीतून आयएएस झाला आणि पुढे नंदुरबारलाच जिल्हाधिकारी म्हणून आला. 2021 साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मोठमोठी शहरं ऑक्सिजनसाठी धावाधाव करत होती, तेव्हा या जिल्ह्यात ऑक्सिजनचे प्रकल्प आधीच उभे होते. त्याची देशभर चर्चा झाली. असा माणूस डोळ्यांसमोर असताना मुलांनी दुसऱ्या कुणाचं नाव का घ्यावं?

माझी पंचाईत पुढच्या प्रश्नाला होते. त्यांचं काय आवडतं तुला? ‘सर, त्यांनी प्रतिकूल परिस्थितीवर मात करून...’ इथून पुढे वाक्य आपोआप चालतं, मुलाला काही करावं लागत नाही. मग मी विचारतो, प्रतिकूल म्हणजे नेमकी काय होती रे परिस्थिती? मुलगा गप्प. माहीत नसतं असं नाही. ‘मी एक स्वप्न पाहिलं’ हे भारुडांचं पुस्तक त्याने वाचलेलं असतं, नाहीतर मित्राकडून ऐकलेलं असतं. वडील मुलाच्या जन्माआधीच गेले, आई दारू विकायची, त्यावर घर चाललं, हे त्या माणसाने स्वतः जगाला सांगितलंय. पण मुलाखतीत साहेबांसमोर ‘दारू’ कसं म्हणायचं? म्हणून ‘प्रतिकूल परिस्थिती’. ज्याने काहीच झाकलं नाही त्याचं उदाहरणसुद्धा आमची मुलं झाकून देतात.

मी तालुक्याच्या कॉलेजात शिकवतो. भरतीचा हंगाम आला, की अभ्यासिकेची पोरं टेबलाच्या साहेबी बाजूला बसायला बोलावतात. जोडीला कुणी निवृत्त अधिकारी असतो, कधी बँकेतला माणूस, कधी आरोग्य खात्यातल्या मॅडम. आम्ही तिघं भुवया उंचावून बसतो, दारावर टकटक होते, ‘मे आय कम इन सर’. इतकी वर्षं हे ऐकून माझं एक मत झालंय. मुलाखतीला येणारे थापा मारतात, अशी शहरातल्या साहेबांची तक्रार असते. आमच्याकडे दुखणं वेगळं आहे. इथली मुलं खरं असतं नेमकं तेच गाळतात.

बायोडेटातला भाषांचा रकाना घ्या. मराठी, हिंदी, इंग्रजी. सगळ्यांचा हाच क्रम, त्यातली इंग्रजी बहुतेकदा भीतीपोटी लिहिलेली. आता ही मुलगी नवापूरची. नवापूरचं रेल्वे स्टेशन महाराष्ट्र आणि गुजरातच्या सीमेवर बसलंय. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तर गुजरातेत, आणि फलाटावर एक बाक असा, की एकाच बाकावर बसलेले दोघे दोन राज्यांत. गाडीची सूचना मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी अशी चार भाषांतून होते. अशा गावात वाढलेली ही मुलगी घरी मावची बोलते, बाजारात गुजराती, शाळेत मराठी शिकली आणि ट्रकवाल्यांशी हिंदीत भांडते. शेजारच्या आजीला दवाखान्यात नेते तेव्हा डॉक्टर एक भाषा बोलतो, आजी दुसरी, आणि मधलं सगळं हिच्या तोंडून जातं-येतं. मुलाखत कशासाठी? आरोग्य प्रकल्पातल्या समुपदेशक पदासाठी! आणि बायोडेटात मावची नाही.

‘का नाही लिहिलीस गं?’

‘सर, ती घरातली आहे. लिहायची भाषा नाही ना.’

तिला दोष देता येत नाही. सरकारनेही ती लिहिलेली नाही. 2011 च्या जनगणनेत मावची, पावरीसारख्या भिली गटातल्या बोली सांगणारे एक कोटीहून जास्त निघाले, पण आठव्या अनुसूचीत भिली नाही. 2003 च्या घटनादुरुस्तीने आदिवासी भाषांपैकी संथाली आणि बोडो तिथे गेल्या, बाकीच्या दाराबाहेरच राहिल्या. यूपीएससीची मुलाखत मराठीतून देता येते, लागला तर दुभाषी मिळतो. पावरीतून, मावचीतून देता येत नाही. मग पोरीने ‘घरातली’ म्हणून सोडून दिली तर नवल काय? पण या जिल्ह्यात काम करणाऱ्या कुठल्याही संस्थेला, बँकेला, दवाखान्याला पहिल्या दिवसापासून हव्या असतात त्या याच बोली. तिला मी एवढंच सांगितलं, की पहिल्या ओळीत मावची लिही आणि दवाखान्यातल्या आजीचा प्रसंग तयार ठेव.

असाच एक मुलगा तळोद्याकडचा. बारावीनंतर दोन वर्षं मोकळी, मग बी.ए. आमच्यातले बँकवाले म्हणाले, ‘या दोन वर्षांत काय केलंत?’

‘काही नाही, सर.’

असं उत्तर आलं की पॅनेलवरचा माणूस कागदावर काहीतरी खरडतो. काय खरडतो ते मुलाला दिसत नाही, पण कळतं. मी मधे तोंड घातलं. घरी होतास? नाही. मग? बऱ्याच वेळाने उत्तर आलं, गुजरातेत. ऊसतोडीला. आईवडिलांबरोबर. दिवाळी झाली की या जिल्ह्यातली गावंच्या गावं दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे निघतात, मुकादम उचल देऊन टोळी बांधतो आणि उन्हाळा लागेपर्यंत ती फडात राहते, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. आमच्या वर्गातले निम्मे बाक त्या दिवसांत रिकामे असतात. तरी ते आम्हाला बायोडेटात दिसत नाही, तिथे नुसती ‘गॅप’ दिसते.

आणि फडात तू काय करायचास?

टोळीत लिहिता-वाचता येणारा हा एकटा. मग वही याच्याकडे. कुणी किती उचल घेतली, कुणाच्या किती गाड्या भरल्या, काट्याच्या पावतीवर वजन किती आलं, कोण आजारी म्हणून किती खाडे झाले. हंगाम संपताना मुकादमाचा हिशोब आणि याची वही जुळेना, तेव्हा याने पावत्या तारखेप्रमाणे लावून त्याच्यासमोर ठेवल्या. मुकादम आधी चिडला, नंतर काही गाड्या ‘विसरल्या’ होत्या त्या त्याला आठवल्या. मुलाखत कसली होती, तर गावोगावी फिरून बचत गटांची कर्जं सांभाळण्याच्या नोकरीची. याच्याइतका लायक उमेदवार त्या दिवशी आमच्यापुढे दुसरा आला नाही, आणि तो म्हणत होता, काही नाही सर. बँकवाल्यांनी आधीचं खरडलेलं खोडलं. ते त्यांनी सरावात खोडलं. खऱ्या मुलाखतीत मधे तोंड घालायला कुणी मास्तर नसतो, म्हणून हे सगळं मुलालाच सांगता यायला हवं, तेही मिनिटभरात.

मिनिटभर हा खरा कळीचा भाग आहे. यावर पुण्याहून येणाऱ्या क्लासच्या नोट्स फार वरवरच्या असतात. डोळ्यांत डोळे घालून बोला, खांदे ताठ, आवाजात आत्मविश्वास, तुमचा दोष विचारला तर ‘मी परफेक्शनिस्ट आहे’ म्हणा. या शेवटच्या सल्ल्याबद्दल तर क्लासवाल्यांकडून दंड वसूल करावा. डोळ्यांचं प्रकरणही तसंच. सातपुड्यातल्या गावात पंच बसले की तरणा माणूस वडीलधाऱ्यासमोर नजर खाली ठेवून बोलतो, आधीच्याचं पुरतं संपल्यावर बोलतो आणि बोलण्याआधी थोडा थांबतो. ती तिथली रीत आहे, तिच्यावरून त्याचं वजन ठरतं. अशा मुलाला तुम्ही डोळे वर करायला लावलेत की तो बघत नाही, वटारतो. आरोग्य खात्यातल्या मॅडम एकदा मला हळूच म्हणाल्या, ‘सर, हा माझ्यावर रागावलाय का?’ तेव्हापासून मी एकच सांगतो. प्रश्न विचारणाऱ्याकडे प्रश्न संपेपर्यंत बघ, पुढे विचार करताना खिडकीबाहेर बघितलंस तरी चालेल. दोन श्वास थांबलास तर कुणी मार्क कापत नाही. कापलेच, तर तसली नोकरी पुढेही छळणार.

थांबण्यापेक्षा जास्त नडतं ते बोलण्यातलं वळण. नर्सिंगच्या जागेसाठी आलेली धडगावकडची एक मुलगी होती. प्रश्न साधा, तुम्हाला नर्स का व्हायचंय? तिने सुरुवात केली मावशीपासून. मावशी कुठल्या पाड्यावर दिलेली, पाडा कुठल्या डोंगरावर, पावसाळ्यात तिथला रस्ता कसा वाहून जातो, त्या वर्षी भगर कशी गेली. मॅडम घड्याळ बघू लागल्या. पोरगी बोलत होती. मावशीला रात्री कळा सुरू झाल्या, बांबूला चादरीची झोळी बांधली, चौघांनी खांद्यावर घेतली, ही मागे बॅटरी धरून... इथे मॅडमनी तोडलं. ‘बरं बरं, पण तुम्हाला नर्स का व्हायचंय?’ मुलगी गोंधळली, ‘समाजसेवेची आवड आहे’ म्हणाली आणि मिटली.

नंतर चहाच्या वेळी मी तिला राहिलेलं विचारलं. झोळी खाली रस्त्याला पोचायच्या आधीच वाटेत बाळंतपण झालं होतं. नाळ कशाने कापायची, हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं. हिला त्या रात्री ते माहीत असायला हवं होतं असं वाटलं, म्हणून नर्सिंग. म्हणजे उत्तर होतं, आणि मी ऐकलेल्या उत्तरांत ते सगळ्यात नेमकं होतं. ते गोष्टीच्या शेवटी होतं, आणि मॅडम ते सुरुवातीला शोधत होत्या.

हे काही आमच्या डोंगरातलंच नाही. जॉन गम्पर्झ नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने ब्रिटनमध्ये भारत-पाकिस्तानातून गेलेल्या कामगारांचं बोलणं टेप करून अभ्यासलं, त्यावर 1979 साली बीबीसीने ‘क्रॉसटॉक’ नावाचा कार्यक्रमही केला. विमानतळावरच्या कँटीनमध्ये वाढणाऱ्या आपल्याकडच्या बायका उर्मट आहेत, अशी तिथल्या लोकांची तक्रार होती. टेप ऐकल्यावर निघालं काय? रस्सा हवा का, असं विचारताना इंग्रज बाई शेवटी सूर वर नेते. आपल्या बाया तोच शब्द सूर खाली आणून म्हणत. ऐकणाऱ्याला वाटे, हा घ्या, घ्यायचा तर घ्या. नोकरीच्या मुलाखतीतही गम्पर्झ आणि त्याच्या सोबत्यांना असंच काही दिसलं. आपल्याकडचा माणूस आधी पार्श्वभूमी सांगत सांगत मुद्द्याकडे येतो. समोरच्या इंग्रजाला मुद्दा आधी हवा असतो, त्यामुळे पहिल्या दोन-तीन वाक्यांतच तो या माणसाला भरकटलेला समजून कान काढून घेतो. त्यात कुणाच्याच मनात पाप नव्हतं, तरी नोकरी एकाचीच जायची.

म्हणून मी त्या मुलीला म्हटलं, झोळी ठेव, मावशी ठेव, काही काढू नकोस. फक्त नाळेचं वाक्य आधी घे. ‘माझ्या मावशीचं बाळंतपण वाटेत झालं आणि नाळ कापायला कुणी नव्हतं, म्हणून.’ एवढं म्हणून थांब. पुढचं ते स्वतः विचारतील. मॅडमनाही मी काही बोललो, पण ते इथे लिहिण्यात अर्थ नाही. पॅनेलवर बसणाऱ्याला कुणी सराव देत नाही, हीच खरी गोम आहे. उमेदवारासाठी क्लास, नोट्स, टाय बांधायचे व्हिडिओ. ऐकणाऱ्यासाठी चहा-बिस्किटं.

ऐकणारा चांगला असला की काय होतं, ते एकदा कृषी खात्यातून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी दाखवलं. समोरची मुलगी ‘आपल्या जिल्ह्याबद्दल सांगा’ या प्रश्नावर पाठ केलेलं म्हणत होती. 1 जुलै 1998 ला धुळ्यापासून वेगळा झाला, तालुके सहा, तोरणमाळ थंड हवेचं ठिकाण, सारंगखेड्याचा घोडेबाजार, 9 सप्टेंबर 1942 ला शिरीषकुमार हुतात्मा झाले, 2010 मध्ये देशातलं पहिलं आधार कार्ड टेंभलीत दिलं. एकही चूक नाही, आणि एकाही शब्दात ती स्वतः नाही. तिचं संपू दिल्यावर ते म्हणाले, ‘बाई, तुमची बोटं लाल दिसतात. मिरचीच्या पथारीवर जाता का?’

तिने हात टेबलाखाली ओढले. मग म्हणाली, आई जाते, सुट्टीत मीपण जाते.

‘मग मला सांगा, ओली मिरची घेतली तर वाळून किती राहते?’

ज्यांनी नंदुरबार हंगामात पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, इथे व्यापारी ओली लाल मिरची विकत घेतात आणि गावाबाहेर मोकळ्या जागांवर पसरून वाळवतात. त्या जागा म्हणजे पथाऱ्या. लांबून जमिनीवर लाल कापड अंथरल्यासारखं दिसतं आणि जवळ गेलं की ठसका लागतो. देठ खुडायला बायका असतात, मजुरी खुडलेल्या मालावर.

मुलीने पहिल्यांदा मान वर केली. ‘चार किलोची एक, फार तर सव्वा. पण ते झाडावर किती पिकू दिली त्यावर आहे.’ मग तिने टेबलावरचे आमचे पेन आणि कागद सरळ बाजूला सारले आणि मोकळ्या जागेवर पथारी मांडली. थर एवढाच पातळ. जाड झाला तर खालची घामेजते आणि पांढरी पडते, तिला भाव नाही. अवकाळीचं आभाळ आलं तर आधी कोणता ढीग झाकायचा? जवळपास वाळलेला, कारण त्यात पैसा अडकलाय. ओली भिजली तरी पुन्हा वाळवता येते. देठ खुडताना बोटं भगभगतात, म्हणून आई रात्री तेल लावते, पण सकाळी ते तेल पुसूनच जायचं, नाहीतर माल चिकटतो. गृहस्थ विचारत गेले, ती सांगत गेली. एके ठिकाणी ते म्हणाले, मग या बुरशीवर उपाय काय? ती म्हणाली, ‘ते मला माहीत नाही. व्यापाऱ्याच्या माणसाला विचारावं लागेल.’ ना चाचरली, ना ‘सॉरी सर’ केलं. जे पुरतं माहीत आहे त्याच्या शेजारी बसलेलं ‘माहीत नाही’ कसं ताठ येतं, ते तेव्हा ऐकलं.

मुलाखती मुळातच नकोत, असं म्हणणारा एक पक्ष इथे आहे, आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. मुलाखत म्हटलं की इथल्या आईबापांना वशिला, चिठ्ठी आणि पाकीट आठवतं. केंद्र सरकारने 1 जानेवारी 2016 पासून गट क, गट ड आणि गट ब मधल्या अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या, तेव्हा अभ्यासिकेतल्या पोरांना हायसंच वाटलं. लेखी परीक्षेत आडनाव कळत नाही, पायातली मागून आणलेली बुटं दिसत नाहीत. पण वरच्या पदांना मुलाखत चुकत नाही. यूपीएससीच्या 2025 गुणांत 275 मुलाखतीचे आहेत, एमपीएससीनेही राज्यसेवेला आता तोच साचा घेतलाय. खासगी नोकरी आणि कंत्राटी जागा तर जवळपास मुलाखतीवरच. त्यातली पहिली फेरी हल्ली फोनवर. धडगावकडे फोनवर मुलाखत म्हणजे आधी रेंजची टेकडी शोधा, तिथे वारा, आणि पलीकडून आवाज, ‘तुम्ही तुटताय’. याचे मार्क कुणाच्या नावावर टाकायचे?

मुलाखत संपताना साहेब विचारतात, तुम्हाला काही विचारायचंय का? यावर ‘नो सर, थँक यू सर’ म्हणून उठायचं, असं मुलांना वाटतं. एवढ्याशा प्रश्नात माणूस किती दिसतो! गेल्या हंगामात सुरतकडच्या एका कारखान्याची माणसं मुली निवडायला आली होती, तेव्हा मी नुसता मागे बसलो होतो. पगार, पाळी, जेवण सगळं त्यांनी सांगून झालं. शेवटी हा प्रश्न आला आणि मोलगीकडची एक मुलगी, जी तोवर हो-नाहीच्या पलीकडे गेली नव्हती, ती म्हणाली, ‘राहायच्या खोलीला आतून कडी आहे का? आणि रात्रपाळी सुटली की खोलीपर्यंत कोण सोडतं?’

साहेबांनी शेजारच्याकडे पाहिलं, शेजारच्याने कागद चाळले. कडीचं कागदात काही नव्हतं. मग त्यांनी तिथूनच वॉर्डनला फोन लावला. एका मजल्यावर कड्या होत्या, दुसऱ्यावर बसवायच्या राहिल्या होत्या, आणि रात्रीची गाडी फाटकापर्यंतच जायची. मागच्या रांगेतल्या मुलींनी एकमेकींकडे पाहिलं आणि मग प्रश्नांची रीघच लागली. फोन कुणाकडे ठेवायचा, आजारी पडलं तर पगार कापता का, होळीला सुट्टी किती? होळीची सुट्टी तर सगळ्यात आधी विचारायला हवी होती, सातपुड्यात होळीला घरी न जाणं म्हणजे काय ते त्या साहेबांना कुठून ठाऊक असणार. त्यांनी चार दिवस कबूल केले. मुलींनी आठ मागितले आणि घासाघीस सुरू झाली, मराठीत, हिंदीत आणि मधेच गुजरातीत.